चौदावी जागा

घोडीचा खर्च महिन्याला तेरा रुपये आणि मोटारीचा पास आठ रुपये. हिशेब इतका सरळ होता, की तो करायला वेणीमाधवाला तीन रविवार लागले. हरभरा, कडबा, नाल, सोलापुरात घोडी बांधायच्या जागेचं भाडं, सगळं त्यानं रद्दी कागदाच्या पाठीवर सुवाच्य अक्षरात मांडलं. सोलापूरच्या एका कचेरीत तो नक्कल कारकून होता. सुवाच्य अक्षर एवढीच त्याची इस्टेट. पस्तीस रुपयांत शहरात बिऱ्हाड परवडेना, म्हणून वळसंगच्या घरातून रोज बारा मैल जायचा आणि बारा मैल यायचा.

"मोटारीची वाट बघावी लागेल, त्याचे किती लावलेत?" कागद बघून त्याच्या बायकोनं, यशोदेनं विचारलं.

"वाट बघायला पैसे पडत नाहीत," वेणीमाधव म्हणाला, आणि त्याच आठवड्यात घोडी बार्शीच्या बाजारात गेली.

आता त्या मोटारीची रीत सांगायला हवी. सुटायची वेळ नऊ, पण हे नऊ घड्याळातले नव्हेत. चौदा जागा भरल्या की नऊ वाजत. तेरा माणसं होऊन तासभर झाला, तरी मोटारीचा मालक धुळाप्पा याच्या लेखी पावणेनऊच. कुणी कुरकुर केली तर बॉनेटला टेकून म्हणायचा, "बसा की निवांत! पेट्रोल काय आडातनं शेंदतोय व्हय मी?"

कचेरी मात्र घड्याळातल्या अकरालाच भरे. पहिल्याच महिन्यात वेणीमाधवाच्या नावापुढं मस्टरवर दोनदा उशिराची लाल शाई पडली. हेडक्लार्क मुकुंदराव माणूस वाईट नव्हता. त्यानं चष्मा कपाळावर चढवून हळूच सांगितलं, "वेणीमाधवराव, मंदीचे दिवस आहेत. कपातीचा हुकूम आलाय, नक्कल कारकुनांतला एक जण जायचाय. साहेब मस्टर बघूनच नाव काढणार. तिसऱ्यांदा लाल शाई पडली, तर माझ्या हातात काही राहायचं नाही."

त्या दिवसापासून वेणीमाधव माणसं गोळा करू लागला. ज्यानं जन्मात कुणाला मोठ्यानं हाक मारली नव्हती, तो धोतराचा सोगा खांद्यावर टाकून सकाळी सातला दारोदार फिरू लागला. "मथुराबाई, लेकीला बघून किती दिवस झाले हो?" मथुराबाईची लेक परवाच माहेरपण करून गेली होती. "ज्ञानबा, ती दाढ एकदा दाखवून का टाकत नाहीस?" ज्ञानबाला त्या बाजूला दाढच नव्हती. शेवटी एके दिवशी घायकुतीला येऊन त्यानं एकाला म्हटलं, "चल बाबा, निम्मं भाडं मी देतो," आणि तिथंच घात झाला.

कारण गावाला वाटलं, धुळाप्पा भाऊसाहेबांना, म्हणजे वेणीमाधवाला, माणसामागं दलाली देत असणार. एरवी शहाणासुरता माणूस स्वतःच्या पदरचे दोन आणे कशाला घालील? मग ज्यांना सोलापूरला जायचंच असे, तेही फेटा बांधून, भाकरी फडक्यात घेऊन घरीच बसून राहू लागले. भाऊसाहेब येतील, निम्मं देतील, मग निघू. वेणीमाधव जितके पैसे देई, तितकी मोटार उशिरा भरू लागली. महिनाअखेर त्यानं बेरीज केली आणि कागद यशोदेला न दाखवता चुलीत घातला.

त्या बुधवारी दहा वाजून गेले होते. आत बारा माणसं, तेरावा वेणीमाधव. चौदावा कोंडीबा पारावर बसलेला. नवा फेटा, पायांत करकरत्या वहाणा, हातात गाठोडं.

"कोंडीबा, चल ना रे!"

"कुटं?"

"सोलापूरला! तू काय शेतात निघालायस, असा नटून?"

"आमाला काय घाई न्हाय, भाऊसाहेब. चार आणं पडतील आता. समदं भाडं."

वेणीमाधवाच्या खिशात दोन आणे होते. पगाराला चार दिवस होते. त्यानं ते दोन आणे कोंडीबाच्या तळव्यावर ठेवले आणि त्याचे हात धरले. "अरे, माझी नोकरी जाते रे आज! खरंच जाते!"

मोटारीतली बाराच्या बारा माणसं खळाळून हसली. "लई नाटकी हाय भाऊसाहेब," मथुराबाई कौतुकानं म्हणाली. "दलाली बुडंल म्हून बगा कसं डोळ्यात पाणी आनलं!"

वेणीमाधवानं सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग वळला आणि सोलापूरच्या रस्त्यानं चालू लागला. आधी चालला, मग सोगा खोचून धावला.

मोटारीतलं हसू थांबलं. कोंडीबानं हातातल्या दोन आण्यांकडे बघितलं, पदरचे दोन घातले आणि गुपचूप मोटारीत चढला. वेणीमाधवाच्या पासाचे पैसे आधीच वसूल, म्हणजे धुळाप्पाचे चौदा पुरे झाले. पण धंदेवाईक तो; वेशीबाहेर सारजाबाई वांग्यांची पाटी घेऊन दिसली, तिला त्यानं मोकळ्या जागेवर बसवलं.

मैलभर पुढं वेणीमाधव कडुलिंबाच्या बुंध्याला धरून धापा टाकत उभा होता. मोटार थांबली. आत जागा नव्हती. तो बाहेरच्या पायरीवर चढला आणि खिडकीचा गज धरला. सगळ्या रस्त्याचा फुफाटा त्याच्या अंगावर. आतून कोंडीबानं त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

"भाऊसाहेब, खरंच जाती व्हय?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं. वाऱ्यात ते ऐकू आलं नसावं.

कचेरीत तो पोचला तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मस्टर साहेबांच्या टेबलावर गेलं होतं. भुवयांवरची धूळ झटकून तो जागेवर बसला आणि आलेले कागद उतरवू लागला. दुपारी तीनच्या सुमारास मुकुंदराव आला, एक मसुदा त्याच्यापुढं ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तीन प्रती. दुसऱ्या कुणाचं अक्षर साहेबांना चालत नाही."

पहिल्या ओळीत कपातीचा हुकूम होता. दुसऱ्या ओळीत वेणीमाधवाचं नाव.

पहिली प्रत झाली. दुसरी झाली. तिसरीत स्वतःच्या नावाशी आल्यावर टाक थबकला आणि शाईचा टिपका पडला. वेणीमाधवानं तो टिपकागदानं टिपून पाहिला, जाईना. डाग पडलेली प्रत चालत नसते. त्यानं नवा कागद घेतला, समास आखला आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं.