चूल बंद

सकाळी खिडकी उघडली की समोरच्या बांधकामावर राहणाऱ्या सुमनबाईंच्या चुलीचा धूर थेट सासऱ्यांच्या खोलीत येतो. त्यांना दमा आहे. शहरात लाकडाच्या चुलींवर बंदी आणायचं घाटतंय असं ऐकलं, म्हणून काल खाली जाऊन मी म्हटलं, "सुमनबाई, आता चूल बंद ठेवावी लागेल हं."

भाकरी थापणारा हात थांबला. "सकाळच्या पारी असं बोलू नये ताई. कोन मेलंय आमच्यात?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चूल बंद राहते ती मयताच्या घरी. त्या दिवशी भाकरी शेजारून येते.

"गॅस घ्या ना मग."

"पत्ता मागत्यात. काय सांगू, विटांच्या ढिगामागं?" त्या हसल्या आणि पुन्हा थापू लागल्या.

वर आले तर सासरे खोकत होते. खिडकी लावली की त्यांचा जीव कोंडतो, उघडली की धूर. ती अर्धवट लोटून मी तिथेच उभी राहिले. बंदी यावी, त्यांना मोकळा श्वास मिळावा, असं मला मनापासून वाटतं. फक्त ती येईल त्या सकाळी समोरची चूल पेटणार नाही, आणि शेजारीण मीच असेन.