मामा रिझर्व्हला लागला

आमच्या घरात पेट्रोलच्या काट्यावर कुणीही विश्वास ठेवत नाही.

त्याला कारणं आहेत. माझ्या स्कूटरचा काटा कित्येक वर्षं शून्यावर झोपलेला आहे आणि स्कूटर मात्र रोज दुकानाला जाऊन येते. (पेट्रोल किती आहे ते बघायचं असेल तर आम्ही ती दोन्ही हातांनी गदागदा हलवतो आणि टाकीला कान लावतो. 'डुबुक' आलं तर दुकानापर्यंत, 'डुबुक डुबुक' आलं तर परत घरापर्यंत!) वडिलांच्या जीपचा काटा कायम अर्ध्यावर असायचा. ती विकली तेव्हाही अर्ध्यावरच होता आणि घेणारा त्याच आनंदात घेऊन गेला. काट्याचंच कशाला? आमचं भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पुढे लावलेलं असतं. सुमन, म्हणजे माझी बायको, "साखर संपली" म्हणते तेव्हा मागच्या डब्यात किलोभर साखर हमखास असते. थोडक्यात, आमच्याकडे संपलेली गोष्ट संपलेली नसते. मागे थोडी ठेवलेली असते. या श्रद्धेवर माझी पन्नाशी सुखात पार पडली.

मग भाचा स्पोर्ट्स कार घेऊन नांदेडला आला.

भाच्याचं नाव ओंकार. पुण्यात नोकरीला. त्याच्या बहिणीचं, म्हणजे माझ्या लाडक्या गौरीचं, लग्न लातूरला होतं. सुमनसकट घरची सगळी मंडळी हळदीसाठी पुढे गेली होती. मी म्हणालो होतो, दुकान आवरून सकाळच्या एसटीनं येतो. पण का कोण जाणे, मला न्यायला आदल्या संध्याकाळी खास ओंकारला पाठवण्यात आलं. (तेव्हाच मला संशय यायला हवा होता.)

गाडी लालभडक, सेकंडहँड, दोनच सीटची, आणि उंचीला इतकी कमी की गल्लीतली शेळी पहिल्या पाच मिनिटांत टपावर उभी! सगळी गल्ली गोळा झाली. माझा कोट शिवून आणलेले सलीमभाई टेलर कोट हातात तसाच धरून गाडीभोवती फेऱ्या मारत होते.

"वा मियाँ! जरा आवाज तो सुनाव!"

"सुनाव रे ओंकार," मी म्हणालो.

ओंकारनं आवाज काढला. शेळी टपावरून थेट गटारात गेली. टाळ्या पडल्या. मग सलीमभाईंनी तो प्रश्न विचारला, जो आपल्याकडे विमान उतरलं तरी विचारला जाईल.

"ॲव्हरेज क्या देती?"

"गावात सहा-सात," ओंकार म्हणाला.

 सलीमभाईंनी कोट माझ्या हातात दिला आणि ओंकारच्या खांद्यावर, घरात काही वाईट घडल्यावर थोपटतात तसं, थोपटलं.

सकाळी सहालाच गौरीचा फोन.

"मामा, मुहूर्त साडेअकराचा आहे. साडेअकरा! ऐकून राहिलात ना?"

"हाव गं बाई! दहालाच पोचतो बघ."

आमच्याकडे नवरीला मंडपात मामा आणतो. गौरी एवढीशी होती तेव्हापासून मी तिला सांगत आलो होतो की, तुझ्या लग्नात तुझा हात धरून मीच आणणार. आणि मी पोचलो नाही तर? विलास होता ना! माझा धाकटा भाऊ. तोही मामाच. माझ्याआधी कोट शिवून, फेटा बांधून टपून बसलेला. विलासनं गौरीला मंडपात आणलंय आणि मी मागच्या रांगेतून अक्षता फेकतोय, या कल्पनेसरशी मी कोट चढवला, फेटा बांधला.

निघालो. लोहा आलं तसा ओंकार म्हणाला, "मामा, इथं पेट्रोल टाकून घेऊ. रेंज शंभरच्या आत आलीये आणि लातूर शंभरच्या वर आहे."

"रेंज म्हणजे?"

"आहे त्या पेट्रोलमध्ये गाडी अजून किती किलोमीटर जाईल, तो आकडा."

"अन् हे ठरवतं कोण?"

"गाडीच."

मला हसूच आलं. पंपावर लगीनसराईच्या जीपगाड्यांची ही रांग!

"बाळा," मी म्हणालो, "शंभर दाखवून राहिली म्हणजे दीडशे असणार. कंपनीवाले येडे आहेत का? मागं ठेवतातच. चल!"

"मामा, ही गाडी खरं बोलते."

"कुठलीच गाडी खरं बोलत नसती. तुझ्यापेक्षा जास्त काटे बघितलेत मी!"

मामापुढे भाचा काय बोलणार? निघालो. पण या रस्त्यावर जितकी गावं, तितके स्पीडब्रेकर. प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडी तिरकी करून, मुंगीच्या पावलानं चढवावी लागायची. तेवढ्यात पारावरची, टपरीवरची माणसं गोळा व्हायची. "आवाज काढा की!" म्हणायची. मीही काच खाली करून म्हणायचो, "काढ रे, लोकांचं मन मोडू नये." आवाज निघाला की आकडा खाली! एका ठिकाणी तर ओंकार ओशाळून म्हणाला, "मामा, तुम्ही जरा उतरता का? खालून घासतंय."

आता या गाडीतून उतरणं म्हणजे काय ते सांगतो. आधी एक पाय बाहेर टाकायचा, मग पोट, मग दोन्ही हात रस्त्यावर टेकायचे आणि रांगत बाहेर यायचं. नवाकोरा कोट, भगवा फेटा, आणि मी चार पायांवर! पारावरचे एक आजोबा शेजारच्याला म्हणाले, "लई महागाची दिसती गाडी. पाया पडूनच उतरावं लागतंय."

अहमदपूरला ओंकारनं पुन्हा इंडिकेटर दिला. "मामा, आता चाळीस दाखवतंय. लातूर साठच्या पुढं आहे. ऐका माझं."

"चाळीस अन् मागं ठेवलेले पन्नास. झाले नव्वद! घड्याळ बघ, घड्याळ. एसी वाढव जरा, अन् दाब!"

त्यानं दाबलं. आम्ही एक किलोमीटर पुढे गेलो की आकडा दोननं मागे यायचा. चाकूर मागे पडलं आणि आकड्याच्या जागी नुसत्या दोन आडव्या रेघा आल्या. ओंकारनं एसी बंद केला.  गाडी मात्र चालतच होती. पळसाचं झाड गेलं, पूल गेला, एक ढाबा गेला. माझी छाती फुगायला लागली.

"बघ!" मी म्हणालो. "बघ! शून्यावर चालून राहिली का नाही? मी काय सांगत होतो? आमचा अनुभव म्हणजे..."

गाडीनं मला 'म्हणजे'पर्यंत बोलू दिलं आणि मग थांबली.

आजूबाजूला तुरीच्या तुराट्या आणि ऊन. अकरा वाजले होते. ओंकारनं लातूरच्या मित्राला फोन लावला.

"मामा, तो कॅन घेऊन निघतोय. अर्ध्या-पाऊण तासात येईल. आपण झाडाखाली बसू."

"झाडाखाली? अरे, तिकडं तुझ्या बहिणीचा मुहूर्त चाललाय!"

"मामा, मुहूर्ताचं खरं सांगू का..."

"मुहूर्ताचं नाव काढू नकोस माझ्यासमोर!"

मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात करायला लागलो. बऱ्याच गाड्या फेटा बघून हॉर्न वाजवून गेल्या. (त्यांना वाटलं, वरातीतला नाचणारा असेल.) शेवटी एक पिकअप थांबली. पुढे एक शेतकरी, त्याची बायको आणि तिची आई. मागे एक भलामोठा देवणी वळू.

"काय झालं पाव्हणं?"

"पेट्रोल संपलं."

"एवढ्या भारी गाडीचं?" तो खाली उतरला, सावकाश एक फेरी मारली आणि विचारलंच, "ॲव्हरेज काय देती?"

ओंकारनं सांगितलं. त्यानं गाडीकडे बघितलं, मग आपल्या वळूकडे बघितलं.

"आमचा बी लई खातो," तो म्हणाला, "पर एवढा न्हाई."

पुढे जागा नव्हती. मी मागे चढलो. ओंकार खालून "मामा, थांबा! अहो, ऐका तर!" ओरडत राहिला आणि आम्ही निघालो. मी, वळू आणि कडब्याच्या दोन पेंढ्या. वळू स्वभावानं चांगला होता. त्यानं फक्त माझ्या फेट्याचा शेमला चघळला, आणि तोही निवांत, चव घेत. साडेअकरा वाजले तेव्हा आम्ही लातूरच्या अलीकडेच होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते वळूच्या शेपटीमुळे नव्हतं. लहानपणी गौरी माझ्या स्कूटरवर पुढे उभी राहायची, स्कूटर हलवली की तीही टाकीला कान लावायची आणि "मामा, डुबुक!" म्हणून ओरडायची. तिचा हात आता विलासनं धरला असणार. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात मागून कर्कश हॉर्न वाजला आणि ती लाल गाडी, पोटभर पेट्रोल पिऊन, आमच्या शेजारून सुसाट निघून गेली. ओंकारनं काचेतून हात हलवला. वळूनं तेवढ्यापुरतं चघळणं थांबवलं.

मी मंगल कार्यालयाच्या दारात उतरलो तेव्हा बारा वाजले होते. कोटाला शेण, फेट्याला लाळ. धावत आत शिरलो आणि ओरडलो, "आलो! मी आलो!"

मंडप रिकामा होता. लोक बाजूला निवांत बसून सुशीला, म्हणजे आमच्याकडची भिजवलेल्या चुरमुऱ्यांची न्याहारी, खात होते. गुरुजीही सुशीला खात होते.

"आलात?" सुमन ताटली घेऊन आली. "वेळेत आलात की. मुहूर्त पाऊण वाजताचा आहे."

"पाऊण? अगं, गौरीनं साडेअकरा सांगितला होता!"

खोलीच्या दारातून गौरीनं डोकं बाहेर काढलं. मुंडावळ्या बांधलेल्या, आणि हसू आवरत नव्हतं.

"मामा, तुम्हाला खरी वेळ कोण सांगतं? तास-सव्वा तासाचा रिझर्व्ह ठेवूनच सांगतो सगळे. साखरपुड्यालाही ठेवला होता."

"आणि पत्रिका?"

"तुम्ही वाचली?"

मी वाचली नव्हती. घरच्या लग्नाची पत्रिका आपण वाटत असतो, वाचत नसतो. मी आजूबाजूला बघितलं. सुमनला माहीत होतं, ओंकारला माहीत होतं, विलासला तर गौरीच्या बारशापासूनच माहीत असावं. म्हणजे काट्यांवर विश्वास न ठेवणाऱ्या आमच्या घरात सगळ्यात बिनभरवशाचा काटा मी होतो! पण खरं सांगतो, राग आला नाही. गौरीचा हात अजून कुणी धरला नव्हता, एवढंच मला दिसत होतं.

आणि मग लक्षात आलं की हातात अजून चांगला पाऊण तास आहे. मी कोट पुसून वाळत टाकला. खुर्ची ओढली. सुशीला घेतली, परत घेतली, वर चहा घेतला. भोवती माणसं जमली, तेव्हा वळूची गोष्ट लोह्यापासून रंगवून सांगायला घेतली. माईकवरून गुरुजी काहीतरी म्हणत होते. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" मी म्हटलं, गुरुजीही मागं ठेवूनच सांगत असणार. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी अहमदपूरपर्यंत आलो होतो. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा नुकतंच चाकूर मागे पडलं होतं.

तेवढ्यात शालूची सळसळ ऐकू आली आणि कुणीतरी माझं मनगट घट्ट धरलं.

"उठा मामा," गौरी म्हणाली, "संपला रिझर्व्ह!"

रीतीप्रमाणे मामा नवरीला मंडपात आणतो. आमच्या अल्बममध्ये मात्र नवरी मामाला ओढत आणताना दिसते, आणि मामाच्या दुसऱ्या हातात सुशीलाची ताटली आहे.