बिशपांनी मागितलेली परवानगी

बरीच वर्षं मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचो आणि प्रभुभोजनाची, म्हणजे पाळकांच्या हातून भाकर आणि द्राक्षारस घ्यायची वेळ आली की हळूच उठून बाहेर जायचो. देवावरचा विश्वास उडाला होता असं नाही. माझा राग होता तो पाळकांवर, आणि त्याहून जास्त बिशपांवर. देव आणि माणूस यांच्यामध्ये या झगेवाल्यांचं काय काम, हा प्रश्न मला लहानपणापासून छळत होता. त्याला कारण माझे बाबा.

बाबा वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात ख्रिस्ती मंडळीचे प्रचारक होते. सायकलवर पाच गावं फिरायचे, उपदेश करायचे, आजाऱ्यांच्या उशाशी बसायचे, गेलेल्यांना माती द्यायचे. पण शिक्षण सातवीपर्यंत, म्हणून त्यांना पाळकीय दीक्षा कधी मिळाली नाही. दीक्षा नसलेल्याला आपल्या हाताने प्रभुभोजन वाटता येत नाही. वर्षातून एकदा बिशप जीपमधून यायचे. ज्या लेकरांना बाबांनी प्रार्थना शिकवली, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून दृढीकरण करायचे, म्हणजे त्यांना मंडळीत पक्कं सामील करून घ्यायचे, ते बिशप. हार त्यांच्या गळ्यात पडायचे आणि बाबा मागे उभे राहून पाहुण्यांच्या जेवणाची व्यवस्था बघायचे. बाबांना याचं काही वाटत नसे. मला मात्र फार वाटे. बाबा वारले तेव्हाच मी मनाशी पक्कं केलं, की या लोकांच्या हातून आता काही घ्यायचं नाही.

नवीन राज्य झालं तेव्हा मी भोपाळला सरकारी खात्यात स्टेनो होतो. बदली होऊन रायपूरला आलो. राजधानी इतकी नवी होती, की आमचं खातं एका जुन्या शाळेच्या वर्गांमध्ये भरायचं आणि साहेबांच्या पाठीमागे फळा असायचा. गुढियारी वस्तीत दोन खोल्या घेतल्या. आई, पत्नी, लहान मुलगी आणि मी. दर रविवारी आई आम्हाला चर्चला न्यायची आणि मी माझ्या बाकावर जाऊन बसायचो. आई मला कधी काही बोलली नाही.

दुसऱ्या वर्षी थंडीत आईच्या छातीत कफ भरला आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया आहे, वय बघता काही सांगता येत नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "पाळकसाहेबाले बलाव. मले प्रभुभोजन पायजे."

मी धावत चर्चच्या आवारात गेलो. तिथे कळलं की पाळकसाहेब जगदलपूरला गेले आहेत. सगळ्या पाळकांची सभा होती, बिशपही तिथेच होते. रविवारपर्यंत कोणी परतणार नव्हतं आणि तो बुधवार होता. परत येताना डोक्यात नुसता जाळ होता. आईला सांगितलं, मीच प्रार्थना करून तुला भाकर देतो, देवाला काय फरक पडतो? तिने नकारार्थी मान हलवली. मग मी चिडून बोललो, की बाबा असते तर त्यांनी दिलं असतं.

"नसतं देल्लं," आई म्हणाली. तिला धाप लागत होती, तरी थांबत थांबत बोलली. "चाळीस वर्षांत त्यायनं एकडाव नाही देल्लं. त्यायले जेवढं सोपवलं होतं, तेवढं त्यायनं केलं. तू काहून रागावून राहिला?"

शेजारच्या खाटेवर एक वयस्कर बाई होत्या. त्यांचे भाऊ तीन दिवसांपासून त्यांची सेवा करत होते. साधा कुर्ता, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आम्ही त्यांना निवृत्त शिक्षक समजत होतो. बहिणीला दलिया भरवून झाला की ते आमच्या थर्मासमध्येही गरम पाणी भरून आणत, आणि आईला खोकल्याची उबळ आली की माझ्याआधी उठून तिची पाठ धरत. आमचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं असणार. ते जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मी दीक्षित पाळक आहे. पण इथे मी पाहुणा. तुमच्या पाळकांना विचारावं लागेल."

मी त्यांना समोरच्या एसटीडी बूथवर घेऊन गेलो. जगदलपूरचा नंबर चर्चच्या चौकीदाराने दिलेला होता. आमचे पाळक तिशीतले, नुकतेच आलेले. त्यांना फोनवर बोलावून आणेपर्यंत म्हातारे उभेच राहिले. मग त्यांनी आपलं नाव सांगितलं आणि कोणत्या भागाचे निवृत्त बिशप आहेत तेही. मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणत होते, "आपल्या मंडळीतल्या एक आजी फार आजारी आहेत. आपली आणि आपल्या बिशपांची परवानगी असेल तर मी त्यांना प्रभुभोजन देऊ का?" पलीकडचा तरुण आवाज गडबडलेला मला बाहेरूनही ऐकू येत होता. यांनी मात्र शांतपणे पुन्हा सांगितलं, बिशपांना विचारून या, मी फोन धरतो. होकार आल्यावर त्यांनी दोनदा आभार मानले.

रस्ता ओलांडताना मला राहवलं नाही. मी म्हणालो, तुम्ही स्वतः बिशप, आणि त्या पोरसवदा पाळकाची परवानगी मागता?

"हा अधिकार माझा स्वतःचा असता तर विचारलं नसतं," ते म्हणाले. "मला तो कोणीतरी दिलेला आहे. ही मंडळी त्यांच्याकडे सोपवलेली आहे. न विचारता वापरला तर तो माझा होऊन जाईल."

काळ्या मनुका आणून मी पत्नीकडून घरी उकळून घेतल्या, रस गाळला. खेड्यात द्राक्षारस मिळत नसे तेव्हा आईही असंच करायची. नर्सने पडदा ओढून दिला. दुपारचं ऊन खाटेवर आलं होतं. बिशपांनी पिशवीतून घडी घातलेला पांढरा पट्टा काढून गळ्यात घातला आणि प्रार्थना सुरू केली. मधेच थांबून त्यांनी विचारलं, सकाळी तुम्ही बाबांचं म्हणत होता, ते मंडळीच्या सेवेत होते का? मी सांगितलं, प्रचारक होते. सातवी शिकलेले होते, म्हणून दीक्षा मिळाली नाही, हेही सांगितलं, आणि माझ्या आवाजात जुनं कडूपण आलंच.

त्यांनी खाटेशेजारी गुडघे टेकून आईचा हात हातात घेतला. म्हणाले, "बाई, असे प्रचारक माझ्याही हाताखाली होते. त्यांना दीक्षा देणं माझ्या हातात होतं आणि मी नियमावर बोट ठेवून दिली नाही. ते आमचं चुकलं. तुमच्या यजमानांच्या वतीने तुम्ही मला क्षमा करा."

"उठा बाबा," आई म्हणाली. "त्यायनं कधी मनाले लावून नाही घेतलं. हा पोरगाच घेऊन बसला."

बिशपांनी आईला भाकर आणि रस दिला. मग भाकरीचा एक तुकडा माझ्यापुढेही धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी उठून गेलो नाही. हात पुढे केले आणि घेतलं. रडू आलं ते आवरता आलं नाही, आवरलंही नाही.

दोन दिवसांनी आईचा ताप उतरला. औषधांनीच उतरला असेल, मी त्यावर वाद घालत नाही. ती पुढे चार वर्षं आमच्यात राहिली. बिशप आपल्या बहिणीला घेऊन गेले आणि त्या धांदलीत पत्ता घ्यायचा राहून गेला. सगळे पाळक शहराबाहेर असताना ते नेमके आमच्या शेजारच्या खाटेपाशी कसे आले, हे मी आता कोणाला विचारत नाही.

अधिकार म्हणजे वर बसणं, असं मी समजत होतो. तो हातात घेऊन गुडघे टेकता येतात आणि दुसऱ्याची परवानगीही मागता येते, हे मी त्या दुपारी पाहिलं. पाळक, बिशप हीही माणसासारखी माणसंच असतात. चुकतात, कधी फार चुकतात. पण त्यांच्या हातातून जे येतं ते त्यांचं नसतं. एवढं कळल्यावर घेणं सोपं झालं. रविवारी पाळकसाहेब प्रार्थनेत बिशपांचं नाव घेतात, तेव्हा मीही डोळे मिटून त्यांच्यासाठी मागतो, की प्रभू, यांना सांभाळ, यांच्यावर ओझं फार आहे. आणि मग सगळ्यांबरोबर रांगेत जाऊन उभा राहतो.