दिवस गेल्यावरचं दूध

मला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा थोरली एकवीस महिन्यांची होती आणि अजून अंगावर पीत होती. दिवसातून किती वेळा, ते मी कुणालाच खरं सांगत नसे. विचारणारं माणूस बघून उत्तर ठरवायचे. शेजारणीला "झोपताना एकदाच" आणि फोनवर आईला "दोनदा, फार तर तीनदा". सासूबाईंना सांगायची गरजच नव्हती. त्या दिवसभर माझ्यापासून चार हातांवर बसून कांड्या भरायच्या. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात घालायची सुताची छोटी नळी. हात कांडीवर आणि डोळे आमच्या दोघींवर.

आमचं घर सीमाभागातलं, वडगावात. पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. माझं माहेर खानापूरकडचं, भातशेतीवालं. लग्नानंतर पहिले दोन महिने मागांच्या खडखडाटानं मी डोकं धरून बसायचे. मुलगी मात्र त्याच आवाजात वाढली. माग चालू असले की ती गाढ झोपायची आणि करंट जाऊन माग थांबले की दचकून उठून माझ्याकडे हात करायची. त्यामुळं करंट गेला की गल्लीतले सगळे हात-पाय पसरायचे आणि मी तेवढी कामाला लागायचे.

दुसरं मूल हवं ही इच्छा माझीच होती. पाळी उशिरा सुरू झाली आणि आली तीही वेडीवाकडी. जो तो सांगायचा, पाजणं बंद कर, त्याशिवाय राहायचं नाही. मला कुणी 'कर' म्हटलं की करवत नाही, हा माझा जुना रोग. मी पाजत राहिले आणि दिवसही राहिले. त्या आनंदातला निम्मा बाळाचा होता आणि निम्मा सगळ्यांची जिरवल्याचा, हे आज कबूल करते.

बातमी सांगितल्यावर सासूबाईंनी माझ्या हातावर साखर ठेवली, आणि हात मागं घ्यायच्या आधीच म्हणाल्या, "आता तिचं दूध तोड. आजपासनंच."

का, तर पोटुशी बाईचं दूध वरच्या पोराला लागतं, पोर वाळत जातं. मी म्हटलं, असं काही नसतं, मी मोबाईलवर वाचलंय. त्यावर त्यांनी कांडीवरून मान न उचलता विचारलं, मोबाईल किती वेळा बाळंत झालाय. नवरा मागापाशी उभा राहून हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो तुटलेला धागा शोधायला लागला, आणि धागा तुटलेला नव्हताच.

दोन दिवसांनी सासूबाईंनी कोरफड आणली. लावून घेतली की पोर स्वतःच तोंड फिरवतं, असं त्यांचं म्हणणं. रोजच्या कटकटीला कंटाळून मी लावली. मुलीनं एकदा तोंड लावलं, "शी" म्हणाली, खाली उतरली, मोरीतला ओला टॉवेल ओढत घेऊन आली आणि मला स्वच्छ पुसून पुन्हा पिऊ लागली. मला हसू आवरेना. सासूबाई हसल्या नाहीत. उठून आत गेल्या.

मग मुलीला आठ दिवस आजोळी ठेवायचा बेत निघाला. यात माझी आईसुद्धा त्यांना सामील. एरवी या दोन बायकांचं हळदी-कुंकवाच्या तारखेवरही एकमत होत नाही. मी साफ नकार दिला. मग सासूबाईंनी वेगळीच रीत धरली. रोज सकाळी त्या मुलीला उचलून दोन्ही हातांवर तोलायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, "हलकी झालीया." मला राग यायचा. पण त्या पाण्याला गेल्या की मीही तिला उचलून बघायचे. खरंच हलकी लागते का? त्यातच तिला सर्दी झाली, दोन दिवस जेवेना. मी हट्टापायी लेकराचं वाटोळं तर करत नाही ना? हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर हरले असते.

शेवटी मीच तोड काढली. तपासणीला जायचंच होतं. डॉक्टरांना विचारू, त्या तोड म्हणाल्या तर त्याच दिवशी तोडीन. पण चालेल म्हणाल्या तर घरात पुन्हा हा विषय नाही. सासूबाई लगेच तयार झाल्या. मी आणखी एक अट घातली, त्यांनी माझ्याबरोबर आत यायचं. मागून ऐकीव सांगितल्याचा आरोप मला नको होता. खरं सांगायचं तर त्या माझ्या डोळ्यांदेखत तोंडघशी पडलेल्या मला बघायच्या होत्या.

सिटी बसनं गेलो. मुलगी सासूबाईंच्या मांडीवर खिडकीशी. दवाखान्यात नंबर लागला, आत गेलो, तर खुर्चीत नवीनच डॉक्टरीणबाई. आधीच्या बदलून गेल्या होत्या. या धारवाडकडच्या, कोवळ्या चेहऱ्याच्या, आणि मराठी अजिबात नाही. माझं कन्नड शाळेत पास होण्यापुरतं आणि बाजारात भाव करण्यापुरतं. असलं नाजूक त्यात कुठलं बसायला? सासूबाईंचं कन्नड मात्र घरच्यासारखं, साड्यांच्या व्यापाऱ्यांशी आयुष्य गेलेलं. तेव्हा माझा प्रश्न त्यांनी विचारायचा आणि उत्तरही त्यांनीच मला सांगायचं, असं ठरलं. ज्या बाईशी भांडण, तिच्याच तोंडून निकाल ऐकायचा.

मी कान टवकारून बसले. चार शब्दांतला एक तरी कळत होता. त्यांनी काही फिरवलं तर धरायचंच, असं ठरवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बरंच विचारलं. पोटात दुखतं का, अंगावरून काही जातं का, पहिलीच्या वेळी दिवस पुरे भरले होते का. मी सांगत गेले, सासूबाई सांगत गेल्या. मग डॉक्टरीणबाईंनी मुलीला काट्यावर उभी केली, डोळे बघितले, पोट दाबलं आणि बोलायला लागल्या.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. कोर्टात साक्षीला उभ्या राहिल्यासारख्या सरळ बसून त्यांनी एकेक सांगितलं. "पाजलं तर चालतंय म्हणत्यात. दूध लागत न्हाई. पोरीचं वजन बराबर हाय. तू दोन्ही पोरांपुरतं खायाचं. पोटात दुखाया लागलं, न्हाईतर रगत दिसलं, तर मातुर थांबायचं आन् हितं यायचं. फुडं दूध आपसूक कमी हुतंय, तवा तीच सोडंल." एक शब्द गाळला नाही, एक जोडला नाही. (पुढं झालंही तसंच. पाचव्या महिन्यात दूध आटलं, आणि एक दिवस मुलीनं "संपलं" म्हणून माझं झंपर स्वतःच खाली ओढलं.)

मी जिंकले होते. विजयी चेहरा कसा लपवतात हे मला कधीच जमलेलं नाही, त्या दिवशी तर मी प्रयत्नही केला नाही. फाईल उचलून मी उठलेसुद्धा. सासूबाई मात्र उठल्या नाहीत. त्यांनी डॉक्टरीणबाईंना कन्नडमधून आणखी काहीतरी विचारलं, हळू, थांबत थांबत, आणि त्या थांबण्यामुळंच मला ते सगळं कळलं. त्यांचा पहिला मुलगा दहा महिन्यांचा होता. पुन्हा दिवस गेले म्हणून घरच्यांनी त्याचं दूध तोडायला लावलं. त्याला भाताची पेज आणि पाणी घातलेलं म्हशीचं दूध देत होते. त्याला जुलाब लागले. महिन्याभरात तो गेला. मग त्यांनी विचारलं, मी त्याचं दूध तोडायला नको होतं काय?

नवऱ्याच्या आधी एक मुलगा होऊन गेला, एवढंच मला ठाऊक होतं. तो कसा गेला हे मी कधी विचारलंच नव्हतं. पोटात होता तो माझा नवरा. त्याच्यासाठी थोरल्याचं तोडलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग टेबलावरून हात पुढं करून सासूबाईंच्या हातावर ठेवला आणि भरभर काहीतरी म्हणाल्या. ते मला समजलं नाही, आणि या वेळी सासूबाईंनी मला सांगितलंही नाही.

आम्ही स्टॉपवर येऊन उभ्या राहिलो. मुलगी त्यांच्या खांद्यावर झोपली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की समोरच्या रसवंतीवाल्याकडेच बघत राहिले. शेवटी न राहवून सासूबाईंना विचारलं, "आत्ती, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"म्हणली, तवाचं येगळं हुतं. तुमी केलं ते बराबर केलं."

मी लगेच मान हलवली, म्हटलं, तेच खरं असणार, तेव्हाचा काळच वेगळा होता. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता.

"बाई चांगली हाय," त्या म्हणाल्या. "माझ्यासाटनं खोटं बोलली."

इतके दिवस त्या माझ्याशी भांडत होत्या असं मी समजत होते. तेव्हा तोडलं ते बरोबरच होतं, असं त्या स्वतःलाच पटवत होत्या. मला त्यांचा हात धरायचा होता, पण आमच्यात तशी पद्धत नाही, आणि माझ्या हातात फाईल होती.

तेवढ्यात मुलगी जागी झाली, माझ्याकडे झेपावली आणि पदर ओढायला लागली. एरवी मी भर बाजारातही कुणाची भीड धरली नसती, त्या क्षणी मात्र मला सासूबाईंच्या समोर पाजवेना. मी तिला म्हटलं, घरी जाऊन पी. ती रडायला लागली. सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली, मला स्टॉपच्या कट्ट्यावर बसवलं आणि माझ्या पुढ्यात रस्त्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. आपला पदर दोन्ही हातांनी ताणून त्यांनी आडोसा केला.

आमची बस आली. मी मुलीला सोडवायला गेले तर त्या जागच्या हलल्या नाहीत.

"पिऊ दे तिला," त्या म्हणाल्या. "पोट भरस्तवर पिऊ दे."

बस थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. त्या हात ताणून तशाच उभ्या होत्या.