बजरंगचा आवाज

मानवतच्या बजरंगची अख्खी हयात नाटकात गेली. माईक बंद पडला तरी त्याचा शब्द शेवटच्या रांगेत पोचायचा. आणि सिनेमावाल्यांनी त्याला काय दिलं? गडी, दारुडा, नाहीतर चोर! एकदाच बापाची भूमिका मिळाली, लेकीला छळणाऱ्या व्याह्याला जाब विचारणाऱ्या बापाची. बजरंग आपल्या मराठवाडी बोलीत असा कडाडला, की सेटवरचा चहावालासुद्धा थिजला. पण ही बोली पुण्या-मुंबईत चालणार नाही म्हणे! त्या नालायकांनी बजरंगला न विचारता दुसऱ्याच नटाकडून डबिंग करून घेतलं.

सेलूच्या टॉकीजात मोतीबिंदूनं आंधळी झालेली माय त्याच्या शेजारी बसली होती. लोक उठायला लागले तशी ती म्हणाली, "बजरंगा, सिनेमा सरला म्हनायलेत. तू कवा बोलनार हायस?"