बसक्या आवाजाची हळद

रात्रीपासून आभाळ भरून आलं होतं ते सकाळीही हललं नाही. मार्चातलं आभाळ म्हणजे हळदवाल्याच्या जिवाला घोर. दस्तगीर सरांनी खळ्यावरची ताडपत्री बाजूला ओढली आणि शिजवून वाळत घातलेली हळद दाताळ्यानं परतता परतता भाषण घोकायला लागले.

"अजी, तोंड चालून राहिलं, हात काहून थांबला?" त्यांची बायको कमरुन्निसा म्हणाली.

भाषण अकराच्या शाळा समितीच्या बैठकीसाठी होतं. सर गावच्या शाळेत सत्तावीस वर्षं संगीत शिकवत होते. म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलेलं असायचं. गणित मागं पडलं की संगीताचा तास गणिताला, स्पर्धा आल्या की खेळाला, आणि पाहुणा आला की मात्र, "सर, पेटी घेऊन या!" हळदीच्या हंगामात पेटीच्या पट्ट्या सरांच्या बोटांनी पिवळ्या व्हायच्या. पोरं विचारायची, "सर, पेटीला हळद लागली, लगीन कवा?" सर म्हणायचे, "सुरातला नवरदेव भेटू द्या."

आज उरलेला एक तासही गणिताला जाणार होता. समितीचे अध्यक्ष उत्तमराव तसं चारचौघांत बोलून बसले होते. उत्तमराव सरांच्या पहिल्याच वर्षीचे विद्यार्थी. प्रार्थनेला सरांनी त्यांना मागच्या रांगेत नुसते ओठ हलवायला उभं केलं होतं. दोघंही ते विसरले नव्हते.

उत्तमरावांचं खळं बांधापलीकडंच. तिथं पोत्यात हळद भरणं चाललं होतं. नववीतली लेक प्रतिक्षा पोत्याचं तोंड धरून उभी होती.

"आजच भरता, उत्तमराव?"

"पाऊस येऊन राहिला, सर. टेम्पो सांगितला वसमतच्या बाजाराला. तुमी बसा गाणं म्हनत."

प्रतिक्षानं मूठभर हळकुंडं दगडावर टाकली. "आबा, वाळली न्हाई ही."

"पंधरा दिस झाले. तुला काय कळते?"

"बसकं बोलून राहिली, ऐका न." ती बांध ओलांडून आली, सरांच्या कडेच्या वाळल्या ढिगातली मूठ घेऊन गेली आणि त्याच दगडावर टाकली. खणखण झाली. "आता?"

उत्तमरावांनी दोनदा ऐकलं. "मला तं दोन्ही एकच वाटून राहिले."

"ते मला सत्तावीस वर्षांपासून ठाऊक हाय," सर म्हणाले.

उत्तमरावांनी चिडून आपलं एक जाड हळकुंड मोडायला घेतलं. ते मोडेना, नुसतंच वाकलं. ओली हळद तशीच पोत्यात गेली असती तर आठ दिवसांत बुरशी. त्यांनी फोन काढून टेम्पो नको म्हणून सांगितलं.

"कुठं शिकली गं हे?"

"सरांच्या तासाला. डोळे मिटायचे, सर दोन वाट्या वाजवतात. कोणती चढी, कोणती उतरी, ते सांगायचं."

उत्तमरावांनी मान खाजवली. "ऱ्हाऊ द्या मग तास, सर. लेकरायला हळद तं कळते."

सरांना हरखायला हवं होतं, पण त्यांच्या भाषणात हळद कुठंच नव्हती. "हळदीपायी नका ठेवू," ते म्हणाले. कमरुन्निसानं कपाळावर हात मारला. सर पुढं म्हणाले, "ओल मोजायचं यंत्र घेतलं की उद्या पुन्हा काढाल."

"मग कशापायी ठेवू?"

सरांना भाषणातलं अक्षर आठवेना. "प्रतिक्षा, प्रार्थना म्हण बाई."

हजेरीलासुद्धा मान खाली घालणारी ती पोरगी पोत्याशी उभी राहून गायला लागली. चाल सरांनीच बांधलेली, सत्तावीस वर्षांपूर्वीची. उत्तमरावांनी घरात लेकीचा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या कडव्याला सरांनी पाहिलं, तर अध्यक्षांचे ओठ हलत होते. नुसतेच.

"आता काढा आवाज," सर म्हणाले. "मी काही म्हनत न्हाई."

उत्तमरावांनी आवाज काढला. बांधावरची शेळी उठून पलीकडं गेली. कमरुन्निसानं तोंडाला पदर लावला. प्रतिक्षा हसली, पण गाणं तिनं सोडलं नाही. बापाला सावरून शेवटपर्यंत नेलं.

"अकराला या," उत्तमराव घाम पुसत म्हणाले. "भाषण नका आणू. तास ऱ्हातो, अन् कशापायी ते मीच सांगतो."

"काय सांगाल?"

"ते अजून ठरलं न्हाई."

"अजी, हळद!" कमरुन्निसा ओरडली. सरांनी दाताळं उचललं आणि राहिलेली हळद परतायला घेतली.