तातडीचं नाही

लॉकडाऊनच्या आदल्या उन्हाळ्यात मोह वेचायला गेलेल्या माझ्या वहिनीवर अस्वलाने झडप घातली. सावली तालुक्यातल्या आमच्या गावात मोहाच्या दिवसांत बाया उजाडतानाच जंगलात शिरतात, आणि अस्वलंही त्याच फुलांसाठी येतात. वहिनीचा डोळा वाचला, पण गाल आणि ओठ फाटून लोंबत होते. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात ते शिवलं. ओठ मात्र एका बाजूने उघडाच राहिला. पाणी प्यायली की अर्धं पदरावर सांडायचं. जखम मुरली की दुसरं ऑपरेशन करू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

ती तारीख आली तेव्हा सगळंच बंद होतं. भावाने फोन केला, तर उत्तर मिळालं, "ते तातडीचं नाही." मलाही ते पटलं. माणसं श्वासासाठी तडफडत होती, तिथे ओठाचं काय घेऊन बसायचं?

उलट वहिनी खूश होती. सगळ्यांच्या तोंडावर मास्क चढले आणि ती पुन्हा सावलीच्या बाजारात जाऊ लागली. "आता कोनी टकमक पाह्यत नाई, बाई," ती मला म्हणायची.

मी भद्रावतीला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. तेव्हा वर्ग मोबाइलवर भरत. दिवसभर स्वतःचीच तोंडं बघून आम्ही शिक्षिका वैतागलो होतो. मीटिंग संपली की डोळ्यांखालच्या पिशव्या आणि लोंबती हनुवटी, हाच विषय. एकजण तर नागपूरच्या एका खासगी दवाखान्यातून नाक नीट करून आली. "हीच वेळ आहे," ती म्हणाली, "मास्कखाली सूज कोणाला दिसते?" मला तिचा राग आला नाही. कॅमेऱ्यासमोर मीही मान उंच करून बसतच होते.

पुढे बंदी उठली, दवाखाने सुरू झाले, तरी वहिनीला तारीख मिळेना. दर वेळी 'पुढच्या महिन्यात या'. शेवटी त्या सहकारी बाईकडून पत्ता घेऊन मी भाऊ-वहिनीला त्याच खासगी दवाखान्यात नेलं.

आत बसायला जागा नव्हती. काउंटरवरच्या मुलीने वहिनीला मास्क काढायला सांगितलं. वहिनीने काढला, तशी ती मुलगी खुर्चीसकट मागे सरकली. मग माझ्याकडेच बघून म्हणाली, "सध्या नाकांची फार गर्दी आहे, मॅडम. घरून काम करणारे सगळे आत्ताच करून घेतात. यांचं तसं काही तातडीचं नाही ना?"

मी तोंड उघडण्याआधी वहिनीच बोलली. ओठ फाटल्यापासून ती चारचौघांत हळू बोलायची. त्या दिवशी तिचा आवाज पार दारापर्यंत गेला.

"मले पानी पेता येत नाई, पोरी. या बायाईची नाकं कोन्या अस्वलानं ओरबाडली?"

आधी सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. मग सगळ्या जणी आपापल्या मोबाइलमध्ये बघू लागल्या. भाऊ तिचा हात ओढत पुटपुटला, "चाल ना वं, लोक पाहून राह्यले." त्याचाही मला संताप आला. पाहू देत की!

तिथून आम्ही थेट सरकारी दवाखान्यात गेलो. विभागप्रमुखांच्या दाराशी मी ठाण मांडलं. शिपायाने दोनदा हटकलं. तरी तारीख घेतल्याशिवाय मी उठले नाही. माझ्यासारखी भांडणारी नणंद नसलेल्या बायांनी काय करायचं, हे त्या साहेबांनाही मी विचारलं.

ऑपरेशन झालं. आता वहिनीचा ओठ मिटतो, ती चारचौघींत बसून जेवते. गालावरचा व्रण तसाच आहे, आणि मास्क गेल्यामुळे बाजारात लोक परत वळून बघतात. ती भाव करत राहते.

मध्यंतरी मी स्टाफरूममध्ये तिचा फोटो दाखवला. नाक नीट करून आलेली सहकारीण निरखून म्हणाली, "छान झालंय. पण तेवढा डाग काढून घ्या हं. बघवत नाही."

मी फोन तिच्या हातातून काढून घेतला. त्यानंतर तिच्याशी मी कामापुरतंच बोलते.